चर्चचा शॉट लॅबमधला नाही
'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' या ब्रिटिश विनोदी सिनेमात ॲलेक गिनेस या एकाच नटाने एका घराण्यातली बरीच माणसं रंगवलीत. त्यातले चर्चमध्ये एकाच शॉटमध्ये बसलेले सहा गिनेस नंतर लॅबमध्ये जोडले असणार, असं कोणीतरी म्हटलंय. नाही हो, ते कॅमेऱ्यातच झालंय! कॅमेरामन डग्लस स्लोकोम्बने कॅमेरा जखडून टाकला, भिंगापुढे चित्राचा एकेक भाग झाकणारी झाकणं लावली. एक झाकण उघडायचं, गिनेसचा एक अवतार टिपायचा, फिल्म मागे गुंडाळायची, मेकअप बदलून पुन्हा तेच. रात्री कोणाचा धक्का लागू नये म्हणून पठ्ठ्या कॅमेऱ्याशेजारीच झोपला. सिनेमा १९४९चा, लक्षात घ्या.

(याच स्लोकोम्बने पुढे स्पीलबर्गच्या 'क्लोज एन्काउंटर्स' सिनेमाचा भारतातला भाग टिपला, आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावात.) मला मात्र चर्चच्या त्या शॉटपेक्षा गिनेसचाच, सॅल्यूट ठोकत जहाजासकट बुडणारा ॲडमिरल जास्त आवडतो.