हेराल्ड ९४८ सर्किटसाठी: आधी इंजिन की मागचा अ‍ॅक्सल?

खानापूर९४८
नमस्कार मंडळी. गाडी स्टँडर्ड हेराल्ड, ९४८ सीसी, मद्रास बनावटीची, एका कार्ब्युरेटरची. कोइमतूरच्या करी ट्रॅकवर पळवण्याजोगी करायची आहे. कॉम्प्रेशन वाढवायला इंजिनाचं हेड घासून दोन एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर लावायचा विचार आहे. बजेट बेताचं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काय काय करून घेऊ, सांगा की.

लेथवाला_बेळगाव
इंजिन शेवटी ओ. आधी मागची चाकं बघा. हेराल्डला मागं स्विंग अ‍ॅक्सल आहे: चाक डिफरन्शियलजवळच्या एकाच युनिव्हर्सल जॉइंटभोवती वर-खाली होतं. वळणावर मध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बाहेरच्या टायरवरचा जोर गाडीचं बूड वर उचलतो, चाक खाली मुडपतं आणि ढुंगण एकदम सुटतं. ताकद वाढवून हे लवकर होईल, एवढंच.

उपाय: डिफरन्शियल आणि आडव्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) मध्ये २५ मिमीचा ब्लॉक घाला. स्टड तेवढेच लांब लागतील. ब्लॉक लेथवर टर्न न करता सरफेस ग्राइंड करून घ्या, दोन्ही तोंडं समांतर नसली की पाटा तिरका बसतो. यानं कॅम्बर (चाकाचा उभा झुकाव) अडीच-तीन अंशांनी आत जातो. शॉकअ‍ॅब्सॉर्बर तपासा आणि चाक फार खाली लोंबू नये म्हणून पट्टा बांधा. जॅकवरून उतरवल्या उतरवल्या कॅम्बर मोजू नका. चाकं आत ओढलेली राहतात. गाडी ५-६ मीटर पुढे-मागे ढकलून मगच मोजा.

ट्रायम्फनं १९७० नंतर स्पिटफायरला पिव्होट होणारा पाटा दिला, त्यात एकच पान डिफरन्शियलला पक्कं असतं. तो मिळाला तर उत्तम, पण पुढचा अँटीरोल बार (वळणात गाडी कलू न देणारी दांडी) जाड केल्याशिवाय लावू नका.

हाफशाफ्टही (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे दांडे) काढा. हबजवळ, बेअरिंग फिरतं तिथं आणि चावीच्या खाचेशी, चिरा जातात. डाय पेनेट्रंट (चिरा दाखवणारा रंग) मारून बघा. शंका आली की शाफ्ट भंगारात.

निपाणी_गॅरेज
पुढच्या ट्रनियनलाही (चाकाच्या उभ्या लिंकच्या खालचा आट्यांचा सांधा) तेवढंच महत्त्व द्या. तिथं ग्रीस नाही, ईपी ९० गिअर तेल. ग्रीस खालच्या आट्यांपर्यंत पोचत नाही, आपल्याकडच्या पावसात पाणी शिरतं, उभी लिंक आतून गंजते आणि एक दिवस चाक आडवं पडतं. बसवताना ट्रनियन पूर्ण आवळून सुमारे एक आटा मागे सोडा, दोन्हीकडं फुल लॉक होतंय का बघा. डावं-उजवं अदलाबदल करू नका, आटे उलट आहेत.

रिमचं एक सांगतो. हेराल्डच्या चार बोल्टांचा पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) ९५.२५ मिमी आहे. मारुती ८०० चा ११४.३. ‘थोडं घासून बसवतो’ म्हणणाऱ्याकडं जाऊच नका.

आणि खानापूरच्या पावसात राहिलेली गाडी असेल तर चेसिसच्या आडव्या फांद्या हातोडीनं ठोकून बघा. बॉडी त्यांवरच बसते. रोल केजचे (गाडी उलटली तर वाचवणाऱ्या पिंजऱ्याचे) पाय चेसिसला जोडा, नुसत्या पत्र्याला नाही.

खानापूर९४८
समजलं. मग हेड कितपत घासू?

लेथवाला_बेळगाव
मिलीमीटरमध्ये सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, सीसी मोजा. एका सिलिंडरचा स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टन वर-खाली होताना व्यापतो ती जागा) २३७ सीसी. ८ ला १ कॉम्प्रेशनला एकूण जागा सुमारे ३४ सीसी, ९ ला १ ला २९.६. ही जागा म्हणजे चेंबर, गॅस्केट आणि पिस्टनवरची सगळी मिळून. काचेचा ब्युरेट आणि चेंबरच्या तोंडावर ग्रीसनं चिकटवलेली पारदर्शक प्लेट, एवढंच लागतं. चारही चेंबर अर्ध्या सीसीत एकसारखे आणा. ९ च्या वर जायला तीन मेन बेअरिंगची ही क्रँक मला पटत नाही.

त्याआधी एक मोफत तपासणी: कोणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि क्रँकची पुली बघा. ती डोळ्याला दिसेल इतकी पुढे सरकत असेल तर थ्रस्ट वॉशर (क्रँक पुढे-मागे सरकू न देणारे) गेले. ते मागच्या मेन बेअरिंगला अर्धे-अर्धे असतात. गळून ऑइल सम्पमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) पडले की क्रँक सरळ ब्लॉक खाते. नवे घालताना खाचांची बाजू क्रँककडे.

सम्पमध्ये दोन आडव्या पट्ट्या वेल्ड करा, नाहीतर लांब वळणात तेल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढतो. व्हॉल्व्ह गॅप थंड असताना १० थाऊ (०.०१० इंच).

निपाणी_गॅरेज
बदललेली गाडी कोइमतूरला चालवत नेऊ नका ओ. गाडीतल्या फेरबदलांवर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. फ्लॅटबेडवर टाका, आणि पट्टे बॉडीला नाही, चेसिसला बांधा.