गोवर होऊन गेलेला बरा, की लस दिलेली बरी?

प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी आठ महिन्यांची आहे आणि तिला गोवराची लस देण्याची वेळ जवळ आली आहे. लस द्यायची, हे माझे मत जवळजवळ ठरलेले आहे. परंतु घरातील वडीलधाऱ्यांशी बोलताना तीन मुद्दे वारंवार पुढे येतात आणि त्यांना "डॉक्टर सांगतात म्हणून" एवढेच उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. पहिला मुद्दा असा, की त्यांच्या पिढीत प्रत्येकाला गोवर येऊन गेला, नंतर तो पुन्हा कधी झाला नाही, म्हणजे आजारातून मिळालेली प्रतिकारशक्तीच पक्की. दुसरा, गोवराने होणारे मृत्यू लस येण्याआधीच, आहार आणि स्वच्छता सुधारल्यामुळे कमी झाले होते. तिसरा, साथ आली की लस घेतलेली मुलेही आजारी पडतात, मग लसीचा उपयोग काय? हे म्हणणाऱ्या माणसांची माझ्या मुलीवर माझ्याइतकीच माया आहे. त्यांना गप्प बसवावे अशी माझी इच्छा नाही. त्यांना पटेल असे काही हाती असावे, एवढेच वाटते. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ (बालरोगतज्ज्ञ)

आपल्या घरच्यांचा पहिला मुद्दा अर्धा खरा आहे आणि तेवढा भाग मोकळेपणाने मान्य करूनच पुढचे बोलावे. गोवर एकदा झाला की बहुधा जन्मभर पुन्हा होत नाही. १८४६ साली उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा तेथील सुमारे ७,८०० रहिवाशांपैकी जवळपास ६,००० जणांना लागण झाली. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने तेथे जाऊन केलेल्या नोंदींत असे आढळते, की १७८१ सालच्या साथीत ज्यांना लहानपणी गोवर झाला होता, ते वृद्ध ६५ वर्षांनंतरच्या या साथीतही सुरक्षित राहिले.

मात्र ही प्रतिकारशक्ती मिळण्यासाठी मूल त्या आजारातून आधी सुखरूप बाहेर पडावे लागते. गोवराच्या साधारण हजार रुग्णांमागे एकाच्या मेंदूला सूज येते आणि त्यातून वाचलेल्यांपैकी काहींना कायमचे अपंगत्व राहते. न्यूमोनिया त्याहून कितीतरी अधिक मुलांना होतो आणि लहान मुलांच्या मृत्यूचे तेच सर्वांत मोठे कारण ठरते. कुपोषित मुलांत, विशेषतः जीवनसत्त्व अ कमी असलेल्यांत, डोळे जाण्याचाही धोका असतो. उत्तम वैद्यकीय सोयी असलेल्या देशांतही हजार रुग्णांमागे एक ते तीन मृत्यू होतात. शिवाय फार क्वचित, आजार बरा झाल्यावर सात ते दहा वर्षांनी, मेंदूत दडून राहिलेल्या विषाणूमुळे एसएसपीई नावाचा विकार उद्भवतो. त्यातून रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि ज्यांना पहिल्या एक-दोन वर्षांत गोवर झाला त्यांना त्याचा धोका अधिक असतो.

घरच्या आठवणींविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. गोवरातून उठलेल्यांच्या आठवणी घरात राहतात, कारण त्या सांगायला ती माणसे हयात असतात. जी मुले गेली, ती बहुधा पुरळ मावळल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी, न्यूमोनियाने किंवा जुलाबांनी गेली, आणि घरात त्यांच्या मृत्यूचे कारण म्हणून तेच नाव उरले. त्यामुळे "आमच्याकडे गोवराने कोणी दगावले नाही" असे एखादे कुटुंब मनापासून सांगते, तेव्हा ते खोटे बोलत नसते. पण तो पूर्ण हिशेबही नसतो.

याहून महत्त्वाचा शोध अलीकडचा आहे. गोवराचा विषाणू शरीरातील नेमक्या त्या पेशींत शिरतो, ज्यांच्यात पूर्वीच्या संसर्गांची स्मृती साठवलेली असते. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांचे रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, मुलांनी इतर रोगजंतूंविरुद्ध मिळवलेल्या प्रतिपिंडांपैकी (रोगजंतूंशी लढणाऱ्या रक्तातील प्रथिनांपैकी) ११ ते ७३ टक्के नष्ट झाल्याचे दिसले. लस दिलेल्या मुलांत असा ऱ्हास आढळला नाही. म्हणजे गोवर स्वतःविरुद्धची प्रतिकारशक्ती पक्की देऊन जातो खरा, पण इतर आजारांविरुद्ध मुलाने तोवर जे कमावले, त्याचा मोठा भाग सोबत घेऊन जातो. पहिल्या मुद्द्याला याहून नेमके उत्तर मला ठाऊक नाही.

प्रतिसाद २

मी डॉक्टर नाही, आकडेवारीचा अभ्यासक आहे, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्याविषयी लिहितो.

मृत्यू लसीआधीच घटले होते, हे विधान बरोबर आहे. अमेरिकेत १९१२ पासून गोवराची देशव्यापी नोंद सुरू झाली आणि पहिल्या दशकात वर्षाला सरासरी ६,००० मृत्यू नोंदले जात; १९६३ मध्ये लसीला परवानगी मिळण्याच्या सुमारास ते ४०० ते ५०० वर आले होते. सुधारलेला आहार, विरळ झालेली दाटीवाटी आणि न्यूमोनियावर चालणारी प्रतिजैविके यांना याचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु या काळात रुग्णसंख्या घटली का, हे पाहिले की चित्र बदलते. १९६३ पूर्वीच्या दशकातही त्या देशात वर्षाला ३० ते ४० लाख लोकांना गोवर होत असे आणि पंधराव्या वर्षापर्यंत जवळजवळ प्रत्येक मूल त्यातून जात असे. सुमारे ४८,००० जणांना रुग्णालयात दाखल करावे लागे आणि १,००० जणांच्या मेंदूला सूज येई. हवेतून पसरणारा आणि रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तेथे टिकून राहणारा विषाणू साबण-पाण्याने रोखला जात नाही. रुग्णसंख्या कोसळली ती लसीनंतरच. स्वच्छता तर १९६३ साली एकाएकी वाढली नव्हती.

तिसऱ्या मुद्द्यासाठी एक हिशेब मांडतो. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. एका शाळेत १,००० मुले आहेत, त्यांपैकी ९५० जणांना दोन डोस मिळाले आहेत, ५० जणांना एकही नाही. दोन डोस सुमारे ९७ टक्के परिणामकारक असतात, म्हणजे ९५० पैकी साधारण २८ मुलांना संरक्षण मिळालेले नसते. शाळेत गोवर शिरला आणि सर्वांचा त्याच्याशी संपर्क आला, तर ही २८ मुले आजारी पडू शकतात आणि लस न घेतलेल्या ५० पैकी सुमारे ४५ पडतील, कारण संरक्षण नसलेल्या दहांपैकी नऊ जणांना लागण होतेच. आता बातमी अशी येईल, की आजारी मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मुलांनी लस घेतलेली होती. बातमी खरी असेल. पण लस घेतलेल्यांत आजारी पडण्याचे प्रमाण शंभरात तीन आहे, न घेतलेल्यांत शंभरात नव्वद. आजारी मुलांत लसवंत किती, हा प्रश्न विचारला की उत्तर फसवे येते. लसवंतांत आजारी किती, हे विचारावे.

प्रतिसाद ३

वरचे दोन्ही प्रतिसाद मी आदराने वाचले. मी लसीच्या विरोधात नाही, माझ्या दोन्ही मुलांना सर्व डोस दिले आहेत. तरीही या चर्चेत एक उणीव नेहमी राहते, ती नोंदवतो. माझ्या थोरल्या मुलाला लसीनंतर नवव्या दिवशी ताप चढून आकडी आली. तो पूर्ण बरा झाला. परंतु त्या वेळी मी ज्यांना विचारले त्यांनी "लसीमुळे असे होऊच शकत नाही" असे सांगून मला परत पाठवले. नंतर अधिकृत माहितीपत्रकात हाच परिणाम लिहिलेला मी वाचला. त्या दिवशी माझा विश्वास जेवढा डळमळला, तेवढा त्या आकडीने डळमळला नव्हता. पालकांना धोका मुळीच नाही असे सांगण्याऐवजी तो किती आहे हे का सांगितले जात नाही?

प्रतिसाद १ (बालरोगतज्ज्ञ), वरील प्रतिसादास उद्देशून

आपली तक्रार रास्त आहे आणि आपल्याला तसे उत्तर मिळायला नको होते. जे ज्ञात आहे ते असे: लसीनंतर साधारण पाच ते बारा दिवसांनी काही मुलांना ताप येतो, थोड्यांना फिकट पुरळ उठते. अंदाजे ३,००० ते ४,००० डोसांमागे एका मुलाला तापामुळे आकडी येते, जी पाहणाऱ्याला अत्यंत भीतिदायक वाटते पण सहसा मागे काही ठेवून जात नाही. सुमारे ३०,००० ते ४०,००० डोसांमागे एकात प्लेटलेट (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) तात्पुरत्या घटतात. तीव्र ॲलर्जी दहा लाखांत एखाद्याला होते, आणि म्हणूनच लस दिल्यावर काही वेळ तेथेच थांबवून घेतले जाते. गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती खूप क्षीण असलेले रुग्ण यांना ही लस देत नाहीत, कारण तिच्यात दुर्बल केलेला पण जिवंत विषाणू असतो. गोवर झाला तरी आकडी येऊ शकते आणि प्लेटलेट घटू शकतात. तेथे हे प्रमाण बरेच अधिक असते.

लसीमुळे स्वमग्नता (ऑटिझम) होते का, हा प्रश्न कोणी विचारला नसला तरी घरी तो निघेल, म्हणून लिहितो. लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा ॲन्ड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरांचा १९९८ चा लेख अवघ्या १२ मुलांवर आधारलेला होता. त्यातील माहितीत फेरफार झाल्याचे उघड झाले, तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये तो मागे घेतला आणि त्याच वर्षी लेखकाची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांचा मागोवा घेणारा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गोवर-गालगुंड-रुबेला लसीमुळे स्वमग्नतेचा धोका वाढल्याचे दिसले नाही.

प्रतिसाद ४

विश्वास ढळला की काय होते, यासाठी प्रशांत महासागरातील सामोआ या छोट्या देशाचे उदाहरण सर्वांनी वाचावे. जुलै २०१८ मध्ये तेथे लस दिल्यानंतर काही मिनिटांतच दोन बालके दगावली. लसीची पूड पाण्यात मिसळण्याऐवजी चुकून स्नायू शिथिल करणाऱ्या मुदतबाह्य औषधात मिसळली गेली होती. लसीत दोष नव्हता. पण लसीकरण महिनोन्महिने थांबवले गेले, अफवांना मोकळे रान मिळाले आणि त्या वर्षी बालकांतील लसीकरण सुमारे ३१ टक्क्यांवर घसरले. पुढच्या वर्षी गोवर आला. सुमारे दोन लाख वस्तीच्या त्या देशात ८३ जण मृत्युमुखी पडले, त्यांतील बहुतेक पाच वर्षांखालील मुले होती. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने दोन दिवस सर्व व्यवहार बंद ठेवले आणि ज्या घरांत लस न घेतलेले कोणी होते त्यांना दारासमोर लाल कापड लावण्यास सांगून पथके घरोघर पाठवली.

त्या दोन बालकांच्या आईवडिलांच्या दुःखाची बूज राखूनच मी हे लिहितो आहे. चूक घडली तेव्हा ती तत्काळ, नेमकी आणि जाहीरपणे सांगितली गेली असती, तर लोकांचा लसीवरील विश्वास एवढा ढळला नसता, असे माझे मत आहे. वरच्या पालकांना जे उत्तर मिळाले, ते याच प्रकारात मोडते.

प्रश्नकर्तीची पुढील शंका

सर्वांचे मनापासून आभार. लसवंतांत आजारी किती, हा हिशेब मी घरी कागदावर मांडून दाखवणार आहे. एक व्यावहारिक शंका उरते. लसीला अजून अवधी आहे आणि तोवर मुलीचा गोवराच्या रुग्णाशी संपर्क आला, तर काय करावे? आणि ही लस जन्मतःच का देत नाहीत?

प्रतिसाद १ (बालरोगतज्ज्ञ)

आईकडून आलेली प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात काही महिने टिकतात आणि ती असेपर्यंत लसीतला विषाणू निष्प्रभ होतो, म्हणून लस फार लवकर दिल्यास तिचा पुरेसा उपयोग होत नाही. ही प्रतिपिंडे संपणे आणि लस मिळणे यांमधल्या काळात बाळाला स्वतःचे संरक्षण जवळजवळ नसते. त्याला वाचवतात ती भोवतालची लसवंत माणसे, आणि गोवर इतका संसर्गजन्य आहे की त्यासाठी सुमारे ९५ टक्के लोकांना संरक्षण असावे लागते. म्हणून घरातील मोठ्यांचे दोन डोस झाले आहेत का, हे आताच पाहून घ्यावे.

संपर्क आल्याचे कळले तर पुरळ उठण्याची वाट पाहू नये, कारण रुग्ण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच संसर्ग पसरवत असतो. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला संपर्कानंतर ७२ तासांच्या आत लस देता येते. हा डोस जादा समजतात आणि नियमित वेळचे दोन्ही डोस पुढे द्यावेच लागतात. ७२ तास उलटले असतील तर सहा दिवसांपर्यंत इम्युनोग्लोब्युलिनचा (तयार प्रतिपिंडे देण्याचा) पर्याय असतो. रुग्णालयात जाण्याआधी फोन करून कल्पना द्यावी, म्हणजे प्रतीक्षाकक्षात इतर तान्ह्या मुलांशी संपर्क टाळता येईल. जीवनसत्त्व अ हा गोवर झालेल्या मुलासाठी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत करायचा उपचार आहे. त्याने गोवर टळत नाही आणि घरच्या घरी दिलेली जास्त मात्रा यकृताला अपाय करते.