नवं अँटिबायोटिक: दुकानात की कुलपात?

निंबोणी:
नाफिथ्रोमायसिन. न्यूमोनियासाठी आपल्या देशात तयार झालेलं अँटिबायोटिक, नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीत गाजावाजा करून जाहीर झालं. १४ वर्षं आणि ५०० कोटी खर्ची पडले म्हणतात. वोक्हार्ट कंपनीचं संशोधन, बायरॅक या सरकारी संस्थेचं पाठबळ. कंपनीचं संशोधन केंद्र आमच्या संभाजीनगरचं, त्यामुळे कॉलर ताठ आहेच. पण धाकधूकही आहे. दिवसाला एकदा, तीनच दिवस. म्हणजे थेट अझिथ्रोमायसिनचीच चाल. कोविडात अझी खिरापतीसारखी वाटली गेली. २०२१ मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत तिचा काही उपयोग दिसला नाही, तोवर घराघरांत पाकिटं रिकामी झाली होती. असं उधळलं की जंतू सरावतात आणि औषध निकामी होतं. याचंही तेच करायचं का? माझं मत: दुकानात ठेवूच नका. मोठ्या रुग्णालयात, कल्चर रिपोर्ट (बेडक्यातले जंतू वाढवून केलेली तपासणी) हातात आल्यावरच द्या.

तालुका_डॉक्टर:
न्यूमोनियात कल्चर रिपोर्ट? अहो, अर्ध्या पेशंटांचा बेडकाच निघत नाही, आणि निघाला तरी पुष्कळदा त्यात काही वाढत नाही. वाढलंच तर दोन-तीन दिवसांनी कळतं. गेल्या हंगामात कोपीवरून, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवरून, एक ऊसतोड बाई आणली होती. श्वास मिनिटाला ३४, ओठ निळसर, कडेवरचं पोर रडतंय. तिला सांगू, 'रिपोर्ट येईपर्यंत थांबा'? पहिला डोस अंदाजानेच द्यावा लागतो, आणि पुस्तकंही तेच सांगतात. तुमचा नियम पुण्या-मुंबईच्या आयसीयूत बसून केलेला दिसतो.

पाटीपेन्सिल:
डॉक्टरांशी सहमत. कुलूप कसं चालतं ते बेडाक्विलिनच्या वेळी पाहिलंय. हट्टी टीबीवरचं नवं औषध. २०१६ मध्ये देशात फक्त सहा केंद्रांत मिळायचं. पाटण्याच्या १८ वर्षांच्या मुलीला दिल्लीत नाकारलं, का तर ती दिल्लीची रहिवासी नाही! वडील उच्च न्यायालयात गेले, जानेवारी २०१७ मध्ये औषध मिळालं. पुढच्या वर्षी ती गेली. जंतूंपासून औषध वाचवताना पेशंटलाच औषधापासून वाचवलं.

काउंटरपलीकडून:
मी केमिस्ट, दोन्हीकडून शिव्या खाणारा. शेड्यूल एच-वन, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांची कडक यादी, मार्च २०१४ पासून लागू आहे. वेगळं रजिस्टर, त्यात पेशंट आणि डॉक्टर दोघांचं नाव, तीन वर्षं जपायचं. गंमत बघा, मूळ ४६ औषधांच्या त्या यादीत सेफिक्झिम हे अँटिबायोटिक आहे, अझिथ्रोमायसिन नाही. गिऱ्हाईक येतं, 'ती तीन गोळ्यांची पट्टी द्या, मागच्या वेळची.' चिठ्ठी मागितली की समोरच्या दुकानात जातं. मी नाही म्हणून जंतूंचं काय बिघडतं? माझा धंदा तेवढा बिघडतो.

हिशोबतपासनीस:
पैशाचं कुणी बोलतच नाही. अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिन या नव्या अँटिबायोटिकला जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत. औषध कमी वापरा म्हणायचं आणि कंपनीने विक्रीवर जगायचं, हे गणित बसत नाही. निंबोणी म्हणतात तसं कपाटबंद केलं तर पुढचे ५०० कोटी कोण घालणार? ब्रिटनने २०२२ मध्ये दोन अँटिबायोटिकांना वर्गणी लावली: किती बाटल्या खपल्या ते न बघता वर्षाला ठरलेली रक्कम. आपल्या सरकारने निदान यावर विचार तरी करावा.

निंबोणी:
कल्चरची अट मागे घेते, डॉक्टरांचं पटलं. बेडाक्विलिनचं तर वाचूनच गलबललं. वर्गणीलाही माझी हरकत नाही. उलट वर्गणी असेल तर दुकानात विकायची गरजच काय? दुकानाबद्दल मात्र मागे हटणार नाही. काउंटरवाले दादा, रजिस्टर भरून घेणारे तुम्ही एकटेच, हे तुम्हीच सांगितलंत की!

तालुका_डॉक्टर:
मग दुकानाऐवजी ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात ठेवा. दहा कोर्स पुरेत. किल्ली सिस्टरकडे, नोंद माझ्या सहीने.

काउंटरपलीकडून:
आणि रविवारी रात्री सिस्टर नसल्या की पेशंट कुणाकडे येणार, डॉक्टरसाहेब? माझ्या शटरवरच थाप मारतात.