मदत हवी आहे : मार्कर नॉर्मल आले, तरी एंडोस्कोपी करायची का?

नमस्कार मंडळी, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. बाबा साठीचे, खर्ऱ्याची (तंबाखू-सुपारीची) सवय जुनी. भूक मेली, दोन घासांत पोट भरते, वजन उतरलं. पोटाचा (जठराचा) कॅन्सर तर नाही ना, अशी भीती आहे. लॅबवाल्यानं सीईए आणि सीए १९-९ हे रक्तातले कॅन्सरचे मार्कर केले, दोन्ही नॉर्मल. बाबा म्हणतात, "झालं ना, आता दुर्बीण (एंडोस्कोपी) कायले?" पण सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये हे मार्कर बऱ्याचदा वाढतच नाहीत, पक्कं निदान एंडोस्कोपीत तुकडा काढून तपासल्यावरच होतं. पेप्सिनोजेन (जठरात बनणारं प्रथिन), एच. पायलोरी (जठरातला जंतू) अँटीबॉडी या रक्ततपासण्या फार तर कॅन्सरचा धोका सांगतात. सिंगापूरसारखी मायक्रोआरएनएची (रक्तातल्या बारीक जनुकीय रेणूंची) रक्तचाचणी इकडे मिळते का? एंडोस्कोपीला सेवाग्राम बरं की नागपूर? नंबर लवकर कुठे लागतो? सोयाबीन निघाल्यावर बघू, असा बाबांचा हट्ट आहे. त्यांना कसं समजवावं, तेही सांगा.