मदत हवी आहे: बडवानीत थांबावं की धडगावपर्यंत चालावं?

नर्मदे हर! इंदूरचे आम्ही तिघं नर्मदा परिक्रमेला, ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने पायी निघालोय, आता बडवानीत आहोत. एकाला दोन दिवसांपासून जुलाब, दिवसातून पाच-सहा वेळा, पाण्यासारखे. ताप नाही, रक्त नाही, लघवी होतेय.

ओआरएस चालू आहे, एका लिटरला एक पाकीट. काल पाकिटं संपली तेव्हा लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. जुलाब बांधायची गोळी मुद्दाम दिलेली नाही. संशय पाण्यावर: क्लोरीनची गोळी टाकत होतो, पण पाणी गढूळ होतं आणि अर्धा तास थांबायचा धीर कोणाला! आता फक्त उकळलेलं. आश्रमातलं टिक्कड (जाड रोटी) बंद, मऊ खिचडी सुरू.

अडचण अशी की परिक्रमेत नर्मदा मैया ओलांडायची नाही, म्हणजे उत्तरेला इंदूरला घरी जाऊन पडणं बाद. आणि पुढे शूलपाणीची झाडी, म्हणजे चढ-उताराचं जंगल.

पाटी गावामार्गे धडगावपर्यंत रोज मुक्कामाला उकळलेलं पाणी आणि आजारी माणसाला दोन दिवस टेकू देणारी जागा कुठे-कुठे मिळेल? जुलाब थांबल्यावर पाठीवर सहा किलो घेऊन तो चढ चढायला किती दिवस जाऊ द्यावेत?