मदत हवी आहे: डिस्चार्ज बुकात ऑप विजय मेडल आहे, स्टार नाही. दुरुस्ती कुठं होते?

झोजिला९९ | १२ जून २०२४, रात्री ९:४०
राम राम मंडळी. सरळ मुद्द्यावर येतो. माझ्या डिस्चार्ज बुकात (फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीचं पुस्तक) ऑप विजय मेडलची, म्हणजे ९९ च्या कारगिल मोहिमेच्या मेडलची, नोंद आहे, स्टारची नाही. स्टार मिळायला पाहिजे होता. रेकॉर्ड ऑफिसला, जिथं फौजेतल्या नोकरीचे कागद असतात, दोनदा पत्र घातलं. एकदा उत्तर आलं, तेही बिनकामाचं. बेळगावच्या सैनिक कल्याणच्या ऑफिसला चार हेलपाटे झाले. हे म्हणतात रेकॉर्डला विचारा, रेकॉर्डवाले म्हणतात युनिटला विचारा. मला २६ जुलैच्या आत काम व्हायला पाहिजे. कुणी करून घेतलं असेल तर नेमकं कुठं जायचं तेवढं सांगा. लेक्चर नको.

कॅम्पवाला | १२ जून, रात्री ९:५२
बेळगावातले असून एवढं अवघड का करूलालाय काका? रेकॉर्ड ऑफिस कॅम्पातच हाय की. सकाळी धाला आय-कार्ड आणि डिस्चार्ज बुक घेऊन गेटवर जावा. माझ्या चुलत्याचं काम असंच झालं. दुपारी जेवायला घरी होते.

निपाणीकर | १२ जून, रात्री १०:०५
+१. आणि येताना कँटीनचं सामान पण आणता येईल, एका दगडात दोन पक्षी. बाकी कार्ड रिन्यू करायला आता किती दिवस लागायलेत? माझं मार्चपासून अडकलंय.

झोजिला९९ | १२ जून, रात्री १०:११
मी मराठा लाइट इन्फंट्रीचा नव्हे. बेळगावचा फौजी म्हटला की मराठाच असणार असं कुणी सांगितलं? माझं रेकॉर्ड परराज्यात आहे. गेटवर जायला गेट इथं पाहिजे ना.

रिटायर्ड_हेडक्लार्क | १२ जून, रात्री १०:३०
जय हिंद. तुम्ही अर्धं लिहिलंय आणि पूर्ण उत्तर मागताय. कोअर कुठली? ट्रेड? मे ते जुलै ९९ मध्ये कुठल्या युनिटच्या स्ट्रेंथवर होता आणि प्रत्यक्षात कुठं होता? रेकॉर्डच्या उत्तरात शब्दशः काय लिहिलंय? पेन्शनर आहात का?
आर्टिलरीचं रेकॉर्ड नाशिक रोडला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. जिथलं तिथंच काम होतं. शेजाऱ्याच्या गेटवर कुणी उभं करून घेत नाही.

झोजिला९९ | १२ जून, रात्री १०:४८
कोअरचं नाव उघड्यावर लिहिणार नाही. ट्रेड ड्रायव्हर. भरती १९८९, हवालदार म्हणून २०१३ ला पेन्शन आलो. ९९ ला आमचं युनिट पाठीमागं होतं, मी एका तोफखाना रेजिमेंटला अटॅच होतो, द्रासला. पत्रात लिहिलंय की शीट रोलमध्ये (जवानाच्या नोकरीच्या नोंदींचा कागद) स्टारची पार्ट टू ऑर्डर (नोंद चढवायचा लेखी आदेश) नाही, म्हणून दावा विचारात घेता येत नाही.

रिटायर्ड_हेडक्लार्क | १२ जून, रात्री १०:५५
अटॅच! हे पहिल्या ओळीत यायला पाहिजे होतं हो साहेब.

चंदगडी_मावळा | १३ जून, सकाळी ७:२०
काका, माझं ऐका. पत्ता चंदगडला हलवा. आमच्याकडं कोल्हापूरच्या सैनिक कल्याणमध्ये मराठीत अर्ज चालतो. तुमच्याकडं सगळं कन्नडमध्ये पाहिजे म्हणतात. शिवाय मेडलवाल्यांना महाराष्ट्र सरकार पैसे पण देतं.

वकील_टिळकवाडी | १३ जून, सकाळी ८:४०
दोन गोष्टींची गल्लत होतेय. परमवीर चक्रापासून सेना मेडलपर्यंत शौर्याची जी पदकं आहेत, त्यांना भत्ता आहे आणि राज्य सरकारांची बक्षिसंही आहेत. ऑप विजय स्टार किंवा मेडल ही सेवेची पदकं आहेत. कारगिलच्या प्रत्यक्ष लढाईच्या भागात जे होते त्यांना स्टार, त्या काळात हलवलेल्या-तैनात केलेल्यांना मेडल. त्यावर एक रुपया मिळत नाही. पत्ता हलवून काय मिळणार?

चंदगडी_मावळा | १३ जून, सकाळी ८:५१
म्हणजे मराठीत अर्ज करायचा हक्क पण नको का? २००४ पासून सुप्रीम कोर्टात केस आहे आणि आमचेच लोक...

वकील_टिळकवाडी | १३ जून, सकाळी ८:५८
रेकॉर्ड ऑफिस केंद्राचं आहे. तिथं हिंदी किंवा इंग्रजी चालतं. कन्नड-मराठीचा इथं काडीचाही संबंध नाही. कृपया नवीन धागा काढा.

धागा व्यवस्थापक | १३ जून, सकाळी ९:३०
सीमाप्रश्नावरचे पुढचे ११ प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत.

खानापूरची_लेक | १३ जून, सकाळी ११:१५
काका, माझे वडील वारल्यावर आईच्या नावासाठी मी हे सगळं केलंय. पीपीओत (पेन्शनच्या आदेशात) आईचं नाव वेगळं, आधारवर वेगळं. शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. फौजेत आडनाव लिहितात, आणि इथं आधारवर आडनावच गायब, नुसतं इनिशियल. ॲफिडेव्हिट करा, दोन पेपरात जाहिरात द्या, असं पाच जणांनी सांगितलं. शेवटी कँटीनच्या रांगेत एका सुभेदार काकांनी सांगितलं की फौजेचे कागद बदलायच्या नादी लागू नको, आधार फौजेच्या कागदाप्रमाणे करून घे. महिन्यात झालं. मग स्पर्शवर (पेन्शनच्या पोर्टलवर) हयातीचा दाखला पण विनातक्रार गेला. तुम्ही पण आधी नाव बघा, काही वेळा अडचण तिथंच असते.

झोजिला९९ | १३ जून, दुपारी १:०२
बाळ, माझं नाव सगळीकडं बरोबर आहे. प्रश्न स्टारचा आहे.

अग्निवीर_२०२५ | १३ जून, दुपारी १:३०
सर बेळगावला पुढची भरतीची रॅली कधी आहे? १६०० मीटर ५ मिनिट ४० सेकंदात निघतंय, चालेल का?

कॅम्पवाला | १३ जून, दुपारी १:३३
चालेल. पण अजून थोडं कमी कर.

वकील_टिळकवाडी | १३ जून, सायंकाळी ६:१०
हवालदार साहेब, पत्रव्यवहारात वेळ घालवू नका. सशस्त्र दल न्यायाधिकरणात अर्ज टाका. २००७ चा कायदा त्यासाठीच आहे.

चंदगडी_मावळा | १३ जून, सायंकाळी ६:२२
मुंबईला बेंच आहे. माझ्या मित्राची केस तिथंच चालली.

वकील_टिळकवाडी | १३ जून, सायंकाळी ६:३१
मित्र चंदगडचा, म्हणून मुंबई. निवृत्त माणूस राहतो तिथलं बेंच लागतं. कर्नाटक कोचीकडं येतं.

निपाणीकर | १३ जून, सायंकाळी ६:४०
कोची! पूर्णा एक्सप्रेस मिरज, बेळगाव, लोंढा करत तिकडंच जाते. खिडकीची सीट घ्या, दूधसागर दिसतो.

रिटायर्ड_हेडक्लार्क | १३ जून, रात्री ८:१५
वकीलसाहेबांचा मान राखून सांगतो, आत्ता कोर्टाचं नाव काढू नका. आधीचे मार्ग संपवल्याशिवाय न्यायाधिकरण अर्ज घेत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आलेलं पत्र नकाराचं नाही, ‘आमच्याकडं कागद नाही’ एवढंच ते म्हणतंय. कागद दिला तर काम होईल. अंतिम नकार आला की त्या तारखेपासून सहा महिने मिळतात, तेव्हा बघता येईल.

माझी २६ वर्षं पार्ट टू ऑर्डरी काढण्यात गेली. अटॅचमेंटवर गेलेल्या जवानाचं काय होतं ते सांगतो. तो एकीकडं राबतो आणि त्याची शीट रोल दुसरीकडं जगते. तोफखान्याच्या क्लार्कनं यादी केली असेल, त्यात त्यांचे आपले चारशे-पाचशे आणि शेवटी अटॅच झालेले चार-सहा. ती यादी तुमच्या युनिटला किंवा रेकॉर्डला पोचली का, आणि पोचली तर तुमच्या नावावर चढली का? अडचण या दोनांपैकी एकात आहे. तुम्ही खरंच तिथं होता का हा प्रश्नच नाही.

आता सांगा. तुमच्यासोबत आणखी कोण अटॅच होतं? त्यांना स्टार मिळाला का?

झोजिला९९ | १३ जून, रात्री ८:४०
त्यांचा काय संबंध? मी माझं विचारतोय.
आणि होतो का हा प्रश्न नाही म्हणताय, तर माझ्यासाठी तोच प्रश्न आहे. आमच्या गावात माजी सैनिकांनी फलक करायला घेतलाय, यंदा कारगिलला २५ वर्षं झाली म्हणून. २६ जुलैला लावणार. कमिटीनं सगळ्यांची डिस्चार्ज बुकं मागवली. माझं बघून एक जण, जो स्वतः सगळी नोकरी पुण्यात करून आला, चारचौघात म्हणाला की पुस्तकात नाही तर लिहायचं कसं, उद्या कुणीही म्हणेल मी होतो.

जून ९९ ला आम्ही तोफांचा दारूगोळा घेऊन झोजिला खिंड चढत होतो. रात्री हेडलाइट बंद. पुढच्या गाडीच्या डिफरन्शियलला पांढरा रंग दिलेला असतो, त्यावर बारका दिवा. तेवढा पांढरा गोळा बघत गाडी हाकायची. गोळा दिसेनासा झाला की समजायचं वळण आलं किंवा गाडी गेली. द्रासच्या अलीकडं रस्ता सरळ त्यांच्या डोळ्यासमोर. दिवसा हललात तर गोळे यायचे. माझ्या पुढच्या गाडीचा क्लीनर साइडचा दरवाजा गेला, माणूस वाचला. आता हे कुणाला सांगू आणि कशाला सांगू.

कॅम्पवाला | १३ जून, रात्री ९:०४
काका, काल उगाच गेट-बिट बोललो. माफ करा.

रिटायर्ड_हेडक्लार्क | १३ जून, रात्री ९:२०
संबंध आहे म्हणूनच विचारलं. अटॅच झालेल्यांची ऑर्डर बहुतेक एकत्रच निघते. एकाला मिळाला असेल तर त्याच्या कागदावर तुमचंही नाव असायची शक्यता आहे. शोधा त्याला.

तोवर हे करा. केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर १० रुपये भरून रेकॉर्डकडं स्वतःच्या शीट रोलची आणि ९९-२००० मधल्या स्वतःच्या पार्ट टू ऑर्डरींची साक्षांकित प्रत मागा. ‘मला स्टार का दिला नाही’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर नसतं, कागद मागा. ३० दिवसांची मुदत आहे. युनिट कुठं होतं, किती तोफा होत्या असलं काही लिहू नका, सुरक्षेचं कारण देऊन अख्खा अर्ज फेटाळतील.
दुसरं, पगाराच्या हिशेबात फील्डचा भत्ता लागला असेल. वेतन लेखा कार्यालयात त्याची नोंद असते, तीही मागा. मूव्हमेंट ऑर्डर, जुनी पत्रं, शिक्का असलेला कसलाही कागद ट्रंकेत असेल तर काढा.

खानापूरची_लेक | १३ जून, रात्री ९:३५
इतकी वर्षं झाली, कागद ठेवले असतील का त्यांनी?

रिटायर्ड_हेडक्लार्क | १३ जून, रात्री ९:४१
बिनपेन्शनवाल्यांचे २५ वर्षांनी नष्ट करतात. पेन्शनरचे त्याच्या दुप्पट काळ राहतात. म्हणून पहिल्यांदा पेन्शनचं विचारलं होतं, त्याचं उत्तर मात्र लगेच मिळालं.

निपाणीकर | १५ जून, सकाळी १०:००
कार्डाचं कुणी सांगितलं नाही अजून.

झोजिला९९ | २९ जून, रात्री ८:१०
सापडला. माझ्यासोबतचा ड्रायव्हर, गडहिंग्लजकडचा. फोन लागत नव्हता, शेवटी रविवारच्या बाजारात त्याच्या गावचा माणूस धरला आणि निरोप दिला. त्याला स्टार आहे. पुस्तकात पण आहे. त्यानं पार्ट टू ऑर्डरची झेरॉक्स दाखवली. पाच जणांची नावं, तिसरं माझं. रँक बरोबर, नाव बरोबर. मी तिथंच बसलो. आता हे असून मला का नाही?

रिटायर्ड_हेडक्लार्क | २९ जून, रात्री ८:१८
नंबर बघा. इथं लिहू नका, नुसता बघा. एकेक आकडा बोट ठेवून, तुमच्या पुस्तकातल्या नंबराशी.

झोजिला९९ | २९ जून, रात्री ८:४६
एक आकडा चुकलाय. ३ च्या जागी ८. शेवटचं अक्षर बरोबर आहे.

रिटायर्ड_हेडक्लार्क | २९ जून, रात्री ९:०५
अक्षर बरोबर आहे ते फारच बरं झालं. आर्मी नंबरच्या शेवटचं अक्षर हौसेनं लावलेलं नसतं, आकड्यांचा हिशेब करून ते निघतं. आकडा चुकला आणि अक्षर तुमचंच राहिलं, तर हिशेब जुळत नाही आणि टायपिंगची चूक आपोआप उघडी पडते. म्हणजे ऑर्डर निघाली, रेकॉर्डला गेली, पण त्या नंबरचा माणूस सापडला नसेल किंवा भलत्याच फाइलीत गेली असेल. टाइपरायटरवर तिसरी-चौथी कार्बन कॉपी वाचली की ३ आणि ८ एकसारखेच दिसतात. मी स्वतः अशा चुका केल्यात, उगाच कशाला लपवू.

आता अर्ज एका पानाचा. विषय: पार्ट टू ऑर्डरमधील आर्मी नंबरची दुरुस्ती आणि शीट रोलमध्ये नोंद. ‘स्टार मिळावा’ असा विषय नको. स्टार मंजूर झालेलाच आहे, तुम्ही फक्त चढवायला सांगताय. ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख लिहा, बरोबर आणि चुकलेला नंबर एकाखाली एक लिहा. जोडायचं: त्या ऑर्डरची प्रत, डिस्चार्ज बुकाची आणि पीपीओची झेरॉक्स, सोबतच्या जवानाचं सहीचं निवेदन. सैनिक कल्याणचं अग्रेषण पत्र घ्या, पण एक प्रत थेट पण पाठवा. मूळ डिस्चार्ज बुक पोस्टानं कधीही पाठवायचं नाही. मागितलं तर स्वतः घेऊन जायचं.

वकील_टिळकवाडी | २९ जून, रात्री ९:२२
हे मान्य. कोर्टाची गरज दिसत नाही. अर्जाचा मसुदा मी बघून देतो, फी नको. कुंदा चालेल.

चंदगडी_मावळा | २९ जून, रात्री ९:३०
गडहिंग्लज महाराष्ट्रात आहे, एवढंच नोंदवतो.

झोजिला९९ | २४ जुलै, सायंकाळी ७:०५
मंडळी, अर्ज ३ तारखेला गेला. पोचल्याचं ट्रॅकिंगला दिसतंय, उत्तर नाही. आरटीआयची शीट रोल आली, त्यात स्टार नाही, म्हणजे हेडक्लार्क साहेब म्हणाले तसंच. २६ च्या आत होत नाही हे कळलंच होतं.
कमिटीला ऑर्डरची झेरॉक्स दाखवली. पुण्यात नोकरी केलेल्यानं चष्मा लावून दोनदा वाचली, काही बोलला नाही. छापील नोंद नाही तोवर मीच म्हटलं, स्टार लिहू नका. रंगाऱ्यानं ‘ऑप विजय मेडल’ लिहून पुढं एका शब्दाची जागा मोकळी सोडलीय.

रिटायर्ड_हेडक्लार्क | २४ जुलै, सायंकाळी ७:२०
स्पीड पोस्टच्या पावतीची झेरॉक्स काढून ठेवा. त्या कागदावरची शाई उडते.