मदत हवी आहे: कांगारू केअर घरी कशी जमवलीत?

बहिणीचं बाळ 1.7 किलोचं, काल घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, जमेल तितका वेळ उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून धरा (हीच कांगारू केअर). मला पटलंय. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारत आणि आफ्रिकेतल्या चार देशांतल्या अभ्यासात बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच असं धरल्यावर 28 दिवसांतले मृत्यू 25 टक्क्यांनी घटले होते. पण आमची आई शेगडी नि धुरीवर अडून बसलीये! (धुरी तरी मी होऊ देणार नाही.) बाळंतिणीला झोप लागली की बाळ कोणी धरायचं? भाऊजी तयार आहेत, तुमच्याकडे बाबांनी धरलं होतं का? आणि बांधायला काय वापरलंत, जुनं सुती लुगडं चालेल?